मूळ पान कोणाचे? चित्रकथाकाराची कमाई, आजारपण आणि कायद्यातील फट

खास प्रतिनिधी, सिरसाळा (जि. बीड)

परळी वैजनाथ तालुक्यातील सिरसाळा हे परळी-बीड मार्गावरील मोठे गाव. अशा गावांतील शाळांमधूनही मुले दरवर्षी शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना बसतात. कला संचालनालयाच्या या परीक्षांत स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते आणि अक्षरलेखनही असते. उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीत वाढीव गुण मिळत असल्याने पालकांचाही विरोध नसतो. विरोध सुरू होतो तो पुढच्या टप्प्यावर. मुलाने चित्रकार व्हायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘चित्रे काढून पोट भरते का?’ ऊसतोडीसाठी घरदार सोडून जाणाऱ्यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न मुळीच हिणकस नाही. उलट, गेल्या सहा दशकांत महाराष्ट्रात चित्रकथेच्या क्षेत्रात जे घडले ते पाहिले, तर तो अत्यंत रास्त ठरतो.

चित्रकथा म्हणजे कॉमिक्स हे चित्रकलेतील सर्वाधिक श्रमाचे आणि तरीही सर्वांत कमी हिशेबात धरले गेलेले काम आहे. हात चालतो आहे तोवर पानामागे मानधन मिळते. हात थांबला, डोळे अधू झाले किंवा पाठीने असहकार पुकारला की उत्पन्नही त्याच दिवशी थांबते. अशा वेळी कलावंताच्या घरात विकण्याजोगी एकच वस्तू उरते, ती म्हणजे त्याने हाताने काढलेली मूळ पाने. मात्र ती पाने घरात असतील तरच. अनेकदा ती नसतातच. ती का नसतात, असली तर त्यांची किंमत कोण ठरवतो आणि एकदा विकल्यावर त्यांच्या वाढत्या मोलात कलावंताचा वाटा असतो की नाही, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात एका संपूर्ण व्यवसायाची वृद्धापकाळातील सुरक्षितता त्यांवर अवलंबून आहे.

पानामागे पान

मराठी वाचकाची चित्रकथेशी ओळख जुनी आहे. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला. मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले आणि ‘वेताळ’ घराघरांत पोहोचला. ती मालिका १९९० मध्ये बंद पडली. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली मुंबईत ‘अमर चित्रकथा’ सुरू झाली. १९७१च्या नोव्हेंबरपासून ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक निघू लागले. या साऱ्या प्रकाशनांनी मराठी चित्रकारांच्या दोन पिढ्यांना काम दिले, हे निर्विवाद आहे. राम वाईरकर यांनी ‘अमर चित्रकथे’चा ‘कृष्ण’ रेखाटला आणि भारतीय पुराणकथेला चौकटींची भाषा मिळाली. ‘टिंकल’मधील ‘सुपंडी’लाही रूप दिले ते त्यांनीच. २००३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी ते पात्र पुढे रेखाटले. पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी ‘अमर चित्रकथे’साठी विपुल काम केले. हिंदी वाचकांच्या परिचयाचा ‘नागराज’ही प्रथम त्यांच्याच कुंचल्यातून उतरला. दिलीप कदम हे याच पुणेरी परंपरेतील आणखी एक नाव.

या कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्यातील आजारपणाचे कारण कळत नाही. ‘अमर चित्रकथे’चा रूढ अंक ३२ पानांचा असे. पानावर सरासरी पाच चौकटी धरल्या तरी एका अंकासाठी सुमारे दीडशे चित्रे लागतात. प्रत्येक चित्रात माणसे, त्यांची वेशभूषा, वास्तू, झाडे आणि जनावरे, शिवाय एकाच पात्राचा चेहरा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच राखण्याची सक्ती. मूळ पान छापील आकारापेक्षा मोठे काढले जाते. आधी पेन्सिलीने आराखडा, मग बारीक कुंचल्याने किंवा निबने काळी शाई, चूक झाली तर पांढऱ्या रंगाने दुरुस्ती, त्यानंतर संवादांचे फुगे आणि रंग. दिवसाचे दहा-बारा तास मान खाली घालून आणि कंबरेत वाकून हे काम चालते. मनगट, मान, पाठीचा कणा आणि डोळे ही या व्यवसायाची चार भांडवले होत. झीजही नेमकी त्यांचीच होते.

गिरणी कामगाराच्या आजाराला निदान ‘व्यवसायजन्य’ हा शब्द तरी मिळाला. घरी बसून पानामागे मोबदला घेणारा चित्रकार मात्र कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच कामगार नसतो. त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची भरपगारी रजा नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. पुस्तकाच्या पुढे दहा आवृत्त्या निघाल्या तरी एकरकमी मानधन घेतलेल्याच्या हाती त्यातले काही पडत नाही.

नोकरी, मालकी आणि मोकळीक

मराठी चित्रकारांनी या असुरक्षिततेवर आपापल्या परीने तोडगे काढले. पहिला तोडगा म्हणजे दुसरी नोकरी. वसंत सरवटे हे मराठी व्यंगचित्रकलेतील अव्वल नाव. पण ते व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते आणि त्यांनी एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी केली. चित्रकलेवर पोट नसल्याने चित्रे आपल्या मर्जीने काढता आली. ही मोकळीक मोठी असली तरी तिची किंमतही तेवढीच मोठी आहे, कारण उरलेल्या वेळात व्यंगचित्र काढता येते, दीडशे चौकटींची चित्रकथा नव्हे.

दुसरा तोडगा स्वतः प्रकाशक होण्याचा. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे स्वतःचे नियतकालिक सुरू केले. त्यामुळे चित्रावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांच्यापुरता तरी उरला नाही. परंतु चित्रकार, संपादक आणि व्यवस्थापक ही तिन्ही ओझी एकाच खांद्यावर आली. दलाल १९७१ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५४ होते. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे गाजवणारे रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये निवर्तले. तेही साठी गाठण्यापूर्वीच. त्यांच्या मृत्यूचा संबंध थेट कामाशी जोडणे योग्य होणार नाही. मात्र त्या पिढीतील दोन सर्वाधिक मागणी असलेल्या चित्रकारांना उतारवय असे लाभलेच नाही, ही नोंद राहते.

तिसरा मार्ग वृत्तपत्रातील पगारी नोकरीचा. आर. के. लक्ष्मण १९४७ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आले आणि पाच दशकांहून अधिक काळ त्या दैनिकाशी जोडलेले राहिले. २००३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. रेखाटणारा उजवा हात वाचला. त्या अवस्थेतही त्यांनी रेखाटन सोडले नाही. जून २०१० मध्ये पुन्हा झटका आला, तेव्हा त्यांना पुण्याहून हवाई रुग्णवाहिकेने मुंबईला न्यावे लागले. २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लक्ष्मण यांच्यामागे अर्धशतकाची कीर्ती, पद्मविभूषण आणि मॅगसेसेसारखे सन्मान होते. साऱ्या देशाचे लक्ष त्यांच्या प्रकृतीकडे होते. हाच झटका पानामागे मानधन घेणाऱ्या एखाद्या अनामिक चित्रकथाकाराला आला असता आणि उजवी बाजू गेली असती तर काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. त्याच्यासाठी सरकारी निवेदन निघाले नसते आणि पुढच्या महिन्याचे मानधनही आले नसते.

चौथा मार्ग शि. द. फडणीस यांचा. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांनी घराघरांत गेलेले फडणीस यांनी १९६० च्या दशकापासून ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. छपाई झाली की चित्राचे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. चित्राला छपाईनंतरही आयुष्य असते, हे त्यांनी ओळखले. २९ जुलै २०२५ रोजी त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. गोव्याच्या मारिओ मिरांडा यांच्या चित्रांबाबत याच विचाराची पुढची पायरी दिसते. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेल्या ‘मारिओ गॅलरी’तून त्यांच्या चित्रांच्या प्रतिकृती, पुस्तके आणि टाइल्स विकल्या जातात. मारिओ ११ डिसेंबर २०११ रोजी लोटली येथे निवर्तले. पण चित्रांचे अर्थकारण त्यांच्या मृत्यूबरोबर संपले नाही. मूळ चित्र न विकताही उत्पन्न देऊ शकते, हे त्यावरून सिद्ध झाले.

परदेशातील धडा

मूळ पानांच्या मालकीचा वाद सर्वाधिक पेटला तो अमेरिकेत. तेथील इतिहास आपल्या चित्रकारांनी डोळ्यांखालून घालावा असा आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये ‘सुपरमॅन’चे हक्क १३० डॉलरला विकले. पुढे त्या पात्रावर अब्जावधींचा व्यवसाय उभा राहिला आणि शुस्टर यांची दृष्टी मात्र जवळजवळ गेली. १९७५ मध्ये सुपरमॅनवरील भव्य चित्रपटाची जुळवाजुळव सुरू असताना सहव्यावसायिक चित्रकारांनी या दोघांच्या विपन्नावस्थेचा प्रश्न ऐरणीवर आणला. लोकमताच्या दबावामुळे वॉर्नर कंपनीने दोघांना दरसाल २० हजार डॉलर देण्याचे मान्य केले आणि त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. यातील उपरोधाचा कळस २०१२ मध्ये झाला. १३० डॉलरचा तो जुना धनादेश, केवळ एक ऐतिहासिक कागद म्हणून, लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. तोवर दोघेही हयात नव्हते.

जॅक कर्बी यांची लढाई तर थेट मूळ पानांसाठीच होती. ‘मार्व्हल’च्या बहुसंख्य नायकांना रूप देणाऱ्या या चित्रकाराने तेथे हजारो पाने काढली होती. सत्तरच्या दशकात अमेरिकी प्रकाशकांनी चित्रकारांना पाने परत करण्यास सुरुवात केली. कर्बी यांच्यापुढे मात्र १९८४ मध्ये इतरांपेक्षा कितीतरी जाचक अटींचा करारनामा ठेवण्यात आला. सहव्यावसायिकांनी जाहीर निषेध केला, वाद चिघळला आणि १९८७ मध्ये त्यांना सुमारे दोन हजार पाने परत मिळाली. उरलेली हजारो पाने कोठे गेली, याचा हिशेब लागला नाही.

आजारपणाचे सर्वांत बोलके उदाहरण डेव्ह कॉक्रम यांचे. १९७५ मध्ये ‘एक्स-मेन’ मालिकेतील ‘स्टॉर्म’, ‘नाइटक्रॉलर’ आणि ‘कोलोसस’ ही पात्रे साकारण्यात त्यांचा वाटा होता. २००४ मध्ये मधुमेह आणि न्यूमोनियाने ते रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा याच पात्रांच्या चित्रपटांनी तिकीटखिडकीवर कोट्यवधींची कमाई केलेली होती. चित्रकार मित्रांनी आपली चित्रे लिलावासाठी दिली, सन्मानार्थ पुस्तक काढले आणि प्रकाशकाशी बोलणी केली. त्यातून त्यांना आर्थिक मदत मिळाली. नोव्हेंबर २००६ मध्ये कॉक्रम यांचे निधन झाले. अशा प्रसंगी दरवेळी नव्याने झोळी फिरवावी लागू नये म्हणून अमेरिकेत २००० सालापासून ‘हिरो इनिशिएटिव्ह’ ही संस्था अडचणीतील कॉमिक्स कलावंतांना मदत करते. मराठीत अशी केवळ चित्रकथाकारांसाठी चालणारी कायमस्वरूपी व्यवस्था उभी राहिलेली नाही.

मूळ पानांचे मोल किती वाढू शकते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. बेल्जियमच्या एर्जे यांनी ‘टिनटिन’च्या ‘ब्ल्यू लोटस’साठी काढलेले आणि वापरले न गेलेले मुखपृष्ठ जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ३२ लाख युरोंना गेले. त्यानंतर वर्षभराने माइक झेक यांनी १९८४ साली काढलेल्या ‘स्पायडरमॅन’च्या एका पानाला अमेरिकेत ३३ लाख ६० हजार डॉलर मिळाले. अर्थात ही शिखरे आहेत. सर्वसाधारण पानाला याच्या शतांशानेही भाव येत नाही. मूळ पान म्हणजे रद्दी नव्हे, एवढाच त्यांचा अर्थ.

कायदा काय म्हणतो?

भारतात या प्रश्नाची गुंतागुंत कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये दडलेली आहे. चित्राच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एक म्हणजे प्रत्यक्ष कागद आणि दुसरी म्हणजे त्यावरील चित्राचे पुनर्मुद्रण करण्याचा हक्क. घर विकले म्हणून घराच्या नकाशाचा हक्क विकला जात नाही, तसेच मूळ पान विकले म्हणून ते छापण्याचा हक्क आपोआप खरेदीदाराकडे जात नाही. त्याच न्यायाने छापण्याचा हक्क दिला म्हणून कागदाची मालकी प्रकाशकाकडे जाते, असेही नव्हे. व्यवहारात मात्र पाने छपाईसाठी गेली की तेथेच राहिली आणि कोणी ती मागितलीही नाहीत, असे वर्षानुवर्षे होत आले.

कायद्याचे १७वे कलम पहिला हक्कदार कोण, हे ठरवते. वृत्तपत्र किंवा नियतकालिकाच्या पगारी नोकरीत असलेल्या चित्रकाराचे चित्र नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. पण अन्य सर्व बाबतींत, वेगळा करार नसेल तर, हक्क चित्रकाराचाच राहतो. पुस्तक, दिनदर्शिका, प्रतिकृती हे सारे त्यात आले. ही तरतूद अनेक पगारी व्यंगचित्रकारांना ठाऊकच नसते. याउलट, मोबदला देऊन कोणी खास रंगवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. चित्रकथेचे पान या व्याख्येत कितपत बसते, यावर वाद घालता येईल. परंतु वाद घालायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे.

खरी फट आहे ती कलम ५३-अ मध्ये. मूळ चित्र, शिल्प किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या पुनर्विक्रीत निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळावा, असे हे कलम सांगते. हा वाटा कमाल दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. फ्रान्सने असा हक्क १९२० मध्येच दिला. अमेरिकेत तर असा केंद्रीय कायदाच नाही. म्हणजे कागदोपत्री भारतीय कलावंत अमेरिकी कलावंतापेक्षा अधिक सुरक्षित! परंतु याच कलमात एक अट आहे. निर्माता हा १७व्या कलमानुसार पहिला हक्कदार असला पाहिजे. ज्याने मानधन घेऊन मागणीबरहुकूम चित्र काढले आणि ज्याचा पहिला हक्कच प्रकाशकाकडे गेला, तो या वाट्यातूनही बाद होतो. चित्रकथाकार नेमका याच वर्गात मोडण्याची भीती असते. शिवाय वाटा ठरवण्याचे काम ज्या अपीलीय मंडळाकडे होते ते २०२१ मध्ये बरखास्त झाले. आता न्यायालयाची पायरी चढावी लागते. विक्री खासगीत झाली तर ती झाल्याचे कलावंताला कळणार तरी कसे, हा प्रश्न उरतोच.

तथापि, कायदा सर्वस्वी निरुपयोगी नाही. हक्क हस्तांतरणाचा करार लेखी असला पाहिजे, ही अट १९व्या कलमात आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो करार भारतापुरता मानला जातो. म्हणजे पहिला हक्क स्वतःकडे राखलेल्या चित्रकाराने मुदतीची नोंद नसलेला करार केला असेल, तर पाच वर्षांनंतर तो पुन्हा बोलणी करू शकतो. कलम ५७ निर्मात्याचे नाव आणि कलाकृतीची प्रतिष्ठा यांचे रक्षण करते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने उखडले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाच्या आधारे शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कलाकृती विकल्यानंतरही निर्मात्याचा तिच्याशी असलेला संबंध तुटत नाही, हे त्या निकालाचे सार होय.

सरकारी आधाराची मर्यादा

आजारपणाच्या खर्चाबाबत परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत सामावून घेण्यात आले. राज्य सरकारच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत सन्मान योजनेतील मानधन २०२४ मध्ये दरमहा पाच हजार रुपये करण्यात आले. केंद्राच्या योजनेत साठीनंतर दरमहा सहा हजारांपर्यंत मदत मिळू शकते.

परंतु या योजना रुग्णालयाचे बिल भरतात. बुडालेली कमाई भरून देत नाहीत. मनगटाचे दुखणे, पाठीचा मणका सरकणे, दृष्टी हळूहळू मंदावणे हे चित्रकथाकाराचे खास आजार. त्यांत रुग्णालयात दाखल होण्याची वेळ क्वचित येते. खाट लागत नाही म्हणून विमाही लागू होत नाही. मात्र सहा-सहा महिने कुंचला हातात धरता येत नाही. मानधन योजनांसाठी कलाक्षेत्रातील योगदानाचे पुरावे द्यावे लागतात. ज्या प्रकाशनांनी चित्रकाराचे नावच छापले नाही, त्यांच्यासाठी आयुष्य वेचलेल्याने कोणता पुरावा द्यायचा? छापील श्रेयनाम ही केवळ मानाची बाब नव्हे. म्हातारपणी ते पात्रतेचे कागदपत्र ठरते.

गरजवंताची विक्री

मूळ पाने विकण्याची वेळ साधारणतः सर्वांत वाईट क्षणी येते. रुग्णालयाची अनामत भरायची असते, घरात रोकड नसते आणि कपाटात पानांची चळत असते. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण अशा वेळी तंतोतंत खरी ठरते. मराठी चित्रकथेच्या मूळ पानांना ठरलेला बाजारभाव नाही. कॅनव्हासवरील चित्रांसाठी कलादालने आणि लिलावगृहे आहेत. पण चित्रकथेचे पान तेथे अजून पाहुणेच आहे. संग्राहक मोजके आहेत आणि भाव खासगीत ठरतो. परिणामी विक्रेता एकटा पडतो आणि चळतच्या चळत ठोक भावात जाते. त्यात मुखपृष्ठ कोणते, पात्राचे पहिले दर्शन घडवणारे पान कोणते, हे वेगळे केलेले नसते. वास्तविक संग्राहकांच्या जगात किंमत याच गोष्टींवर ठरते. मुखपृष्ठ, पूर्ण पानाचे चित्र, नायकाचे पहिले आगमन, चित्रकाराची सही आणि कागदाची अवस्था यांनुसार एकाच अंकातील दोन पानांच्या भावात मोठा फरक पडतो.

कागदाची अवस्था ही आणखी एक दुखरी बाजू. कोकण-मुंबईची दमट हवा, कसर, वाळवी, पिवळे पडणारे आम्लयुक्त कागद आणि चिकटवलेल्या फुग्यांखालचा डिंक यांमुळे न विकताही पाने नष्ट होतात. मोठ्या संस्थांकडे साठा गेला म्हणजे तो सुरक्षित झाला, असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘अमर चित्रकथे’च्या भिवंडीतील गोदामाला लागलेल्या आगीत पुस्तकांच्या साठ्याबरोबर जुनी मूळ छपाई-सामग्रीही भक्ष्यस्थानी पडली. एका ठिकाणी ठेवलेला वारसा एका ठिणगीने जाऊ शकतो, याचे हे ताजे उदाहरण.

प्रकाशकांची बाजूही ऐकली पाहिजे. कागद, छपाई आणि वितरण यांचा धोका ते पत्करतात. न खपलेल्या अंकाचा तोटा चित्रकार भरून देत नाही. चाळीस वर्षांपूर्वी मूळ पान ही छपाईच्या कॅमेऱ्यापुढे ठेवण्याची वस्तू होती. तिला उद्या संग्राह्य मोल येईल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. हे सर्व खरे असले, तरी त्यातून आजच्या व्यवहाराचे समर्थन होत नाही. पानाचे उच्च दर्जाचे स्कॅनिंग झाले की प्रकाशकाला कागदाची गरज उरत नाही. तो कागद परत करण्याचा खर्च टपालापुरता असतो. त्याच्या बदल्यात चित्रकाराला आयुष्यभर साठत जाणारी ठेव मिळते. पगार, निवृत्तिवेतन आणि विमा यांपैकी काहीही देऊ न शकणाऱ्या लहान प्रकाशकालाही एवढे नक्कीच परवडेल.

पुढची वाट

यातून मार्ग काढण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. काही गोष्टी करारातूनच साधता येतात. मूळ पाने चित्रकाराला परत मिळतील, हक्क किती मुदतीसाठी आणि कोणत्या माध्यमासाठी दिले आहेत, नव्या आवृत्तीवर किती मोबदला मिळेल आणि नाव कोठे छापले जाईल, ही चार वाक्ये करारात आली तरी परिस्थितीत मूलभूत फरक पडेल. पान विकताना पावतीवर ‘केवळ मूळ पानाची विक्री, छपाईचे हक्क राखीव’ असे लिहून घ्यावे. पुनर्विक्रीतील वाट्याची अटही त्याच पावतीत घालता येते. विक्रीपूर्वी प्रत्येक पानाचे स्कॅन आणि यादी करून ठेवली, तर पान गेले तरी चित्र हाती राहते आणि प्रतिकृतींचे उत्पन्न सुरू राहू शकते. विक्री आजारपणात एकदम करण्याऐवजी धडधाकट असताना थोडी थोडी केली, तर भावही ठरत जातो. २०११ पासून दिल्लीत आणि पुढे मुंबईसह अन्य शहरांत भरणाऱ्या ‘कॉमिक कॉन’सारख्या मेळाव्यांमुळे चित्रकार आणि खरेदीदार यांची समोरासमोर गाठ पडू लागली आहे. या बाजाराचा फायदा मराठी चित्रकारांनी अद्याप पुरेसा घेतलेला नाही.

सामूहिक पातळीवर दोन गोष्टी निकडीच्या आहेत. एक, आजारपणात कमाई बुडालेल्या चित्रकथाकारांसाठी कायमस्वरूपी साहाय्य निधी. दुसरी, मूळ पानांची सार्वजनिक नोंद आणि जतन. शासकीय कला महाविद्यालये, कला संचालनालय आणि ‘बालभारती’ यांच्याकडे या कामासाठी लागणारे ज्ञान आणि जागा आहे. सरकारी प्रकाशनांनी आपल्या करारात पाने परत करण्याची अट घातली, तर खासगी प्रकाशकांपुढे आपोआप आदर्श उभा राहील.

नव्या पिढीपुढे मात्र वेगळाच पेच आहे. आता बहुतेक चित्रकथा टॅबलेटवर रेखाटल्या जातात. शाईचा डाग नाही, पांढऱ्या रंगाची दुरुस्ती नाही आणि त्यामुळे मूळ पानही नाही. आधीच्या पिढीकडून पाने गेली; या पिढीकडे ती निर्माणच होत नाहीत. आजारपणात विकायला कपाटातील चळतही असणार नाही. त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कोणाच्याही शैलीची नक्कल क्षणात होऊ लागल्याने, शैली हेच भांडवल असलेल्यांची चिंता वाढली आहे. अशा वेळी हक्कांचा लेखी करार हीच एकमेव ‘मूळ प्रत’ उरते. काही चित्रकार मुखपृष्ठ तरी मुद्दाम कागदावर काढतात. त्यामागे हौस आहे, तसा व्यवहारही आहे.

सिरसाळ्यासारख्या गावातील पालकाच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. चित्रे काढून पोट भरू शकते, हे वाईरकर, मुळीक, फडणीस यांच्या पिढ्यांनी दाखवून दिले. पोट भरणारा हात एक दिवस थकतो, तेव्हा काय, याचे उत्तर मात्र अजून कोणी नीट दिलेले नाही. रेखाकला परीक्षेत मुलाला वस्तू कशी पाहावी, छाया कशी द्यावी आणि अक्षर कसे काढावे, हे शिकवले जाते. काढलेल्या कागदावर मालकी कोणाची, हा धडा अभ्यासक्रमात नाही. तो एका तासात शिकवता येईल. न शिकल्यास त्याची किंमत रुग्णालयाच्या दारात मोजावी लागते.